पहिले पाणी : मुक्तस्रोत बूट लोडर मिळवणे, बसवणे आणि सांभाळणे यांविषयी प्रस्तावना

संगणक सुरू करण्याच्या साध्या क्रियेत एक जुना पेच दडलेला आहे. संगणकाची मुख्य स्मृती वीज बंद होताच रिकामी होते, आणि डिस्कवर साठवलेली कार्यप्रणाली, म्हणजे विंडोज किंवा लिनक्ससारखी सगळ्या यंत्राचा कारभार पाहणारी आज्ञावली, स्मृतीत आणल्याशिवाय चालू शकत नाही. परंतु तिला डिस्कवरून उचलून स्मृतीत आणण्यासाठीही एक आज्ञावलीच लागते, आणि ती आज्ञावली तरी स्मृतीत कोणी आणायची, हा प्रश्न उरतोच. कृष्णा, वारणा आणि येरळेच्या काठच्या शेतकऱ्याला हा पेच फार समजावून सांगावा लागणार नाही, कारण पाणी उपसण्यासाठी पंपाच्या पोटात आधी थोडे पाणी असावे लागते हे त्याला पक्के ठाऊक असते. ते नसेल तर मोटार कितीही वेगाने फिरली तरी आतला पंखा नुसती हवा घुसळत राहतो आणि पाइपाच्या तोंडाशी थेंबही येत नाही. म्हणूनच पंप चालू करण्यापूर्वी त्यात वरून पाणी भरतात, आणि ते खाली निघून जाऊ नये यासाठी सक्शन पाइपाच्या बुडाशी एकाच दिशेने उघडणारी झडप बसवतात, जिला कारखान्यात फूट व्हॉल्व्ह आणि शिवारात फुटबॉल म्हणतात. बूट लोडर म्हणजे संगणकाच्या पोटात भरलेले हे पहिले पाणी होय.

ज्या भूमीत हा दाखला इतका सहज सुचतो तिचा इतिहासही या विषयाला परका नाही. औंध संस्थानच्या अधिपतींनी दिलेल्या माळरानावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि नांगर, चरक आणि पंप हे बाहेरून आणण्याऐवजी येथेच घडवण्याचा प्रघात पडला. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे आणि किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात. त्यानंतर नऊ वर्षांनी, १९१९ मध्ये, कराडजवळच्या काले या गावी कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि स्वावलंबी शिक्षण हेच तिचे ब्रीद ठरवले. बूट हा संगणकीय शब्दही मुळात स्वावलंबनाचाच आहे. उंच चामडी बूट पायात चढवताना ओढण्यासाठी त्याच्या मागच्या बाजूस एक पट्टी असते, आणि आपल्याच बुटाची पट्टी ओढून स्वतःला वर उचलणे या इंग्रजी बोलण्यातून हा शब्द संगणकशास्त्रात आला. यंत्र स्वतःच्या बळावर उभे राहते, असा त्याचा अर्थ. मात्र ज्या तुकड्याच्या आधारे ते उभे राहते तो तुकडा कोणाच्या ताब्यात आहे, यावर त्या स्वावलंबनाचा खरेखोटेपणा ठरतो, आणि या विषयाकडे केवळ तांत्रिक खटपट म्हणून न पाहता अधिक गांभीर्याने पाहण्याचे कारणही हेच आहे.

आयबीएमने १९८१ साली पीसी बाजारात आणला तेव्हापासून मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये बायोस नावाची छोटी आज्ञावली कायमची कोरलेली असे. वीज आली की ती स्मृती, कीबोर्ड, पडदा तपासून पाही आणि मग डिस्कचा अगदी पहिला कप्पा उचलून स्मृतीत ठेवी. हा कप्पा अवघ्या ५१२ बाइटांचा असतो. बाइट म्हणजे साधारण एका रोमन अक्षराएवढी जागा, तेव्हा ५१२ बाइट म्हणजे पोस्टकार्डाच्या एका बाजूवर मावेल एवढाच मजकूर होतो. त्यातही ६४ बाइट डिस्कच्या वाटणीचा तक्ता घेतो, ज्यात चारच नोंदी मावतात, शेवटचे २ बाइट हा कप्पा खरा आहे असे सांगणारी खूण असते, आणि बूट लोडरच्या वाट्याला उरतात ४४६ बाइट. एवढ्याशा जागेत डिस्क वाचणे, तीतून कार्यप्रणालीचा गाभा म्हणजे कर्नल शोधणे आणि तो चालू करणे ही सगळी कामे बसत नाहीत. म्हणून पहिला तुकडा फक्त दुसऱ्या, मोठ्या तुकड्याला बोलावतो आणि दुसरा पुढचे काम पाहतो. या कप्प्याला मास्टर बूट रेकॉर्ड म्हणतात.

लिनक्सच्या सुरुवातीच्या काळात वेर्नर आल्म्सबर्गर यांनी लिहिलेला लिलो हा बूट लोडर सर्वत्र वापरात होता. त्याची एक खोड शिकण्यासारखी आहे. लिलो सुरू होताना आपल्या नावाची चार अक्षरे पडद्यावर एकेक करून उमटवत असे आणि प्रत्येक अक्षर म्हणजे पार पडलेली एक पायरी असे. त्यामुळे पडद्यावर दोनच अक्षरे उमटून यंत्र गप्प झाले तर दुसरा तुकडा हाती लागला पण तो चालू झाला नाही, हे जाणकाराला उमगत असे. परंतु कर्नल डिस्कवर नेमका कोणकोणत्या कप्प्यांत ठेवला आहे त्याची यादी लिलो आधीच करून ठेवी, आणि कर्नल बदलल्यावर ती यादी पुन्हा करायचे विसरले की दुसऱ्या दिवशी यंत्र उठत नसे. ही अडचण ग्रबने दूर केली. ग्रँड युनिफाइड बूटलोडर असे पूर्ण नाव असलेल्या या आज्ञावलीची सुरुवात एरिक बोलेन यांनी १९९५ साली मुक्त आज्ञावली घडवणाऱ्या ग्नू प्रकल्पाचा हर्ड हा गाभा चालू करण्यासाठी केली, १९९९ मध्ये ती ग्नू प्रकल्पाची अधिकृत आज्ञावली झाली, आणि योशिनोरी ओकुजी यांच्या पुढाकाराने ती नव्याने लिहिली जाऊन २०१२ साली तिची २.०० ही आवृत्ती निघाली. ग्रबला डिस्कवरच्या फाइलींची मांडणी स्वतः वाचता येते. कर्नल अमुक फोल्डरात अमुक नावाने आहे एवढे सांगितले की तो शोधून काढतो, आणि काही चुकले तर स्वतःची छोटी आज्ञापाटी उघडून माणसाला प्रश्न विचारू देतो. बूट लोडर अनेक आहेत, पण शिकणाऱ्याने पहिला हात ग्रबवर बसवावा, कारण बिघाडातही त्याच्याशी बोलता येते.

मुक्तस्रोत याचा अर्थ फुकट एवढाच घेतला जातो, आणि त्यामुळे विषयाचे फार नुकसान झाले आहे. ग्रब ज्या परवान्याखाली दिला जातो, त्या जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीनुसार तो कोणत्याही कामासाठी वापरता येतो, त्याचा मूळ मजकूर वाचता येतो, बदलता येतो आणि बदललेला दुसऱ्याला देता येतो, मात्र देताना हेच हक्क त्या दुसऱ्यालाही द्यावे लागतात. बियाणे शेजाऱ्याला देताना त्यानेही पुढे द्यावे अशी अट घालण्यासारखे हे आहे. सांगलीच्या विश्रामबागेत १९४७ पासून असलेल्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात वालचंद लिनक्स युजर्स ग्रुप हा विद्यार्थ्यांचा गट कार्यशाळांतून लिनक्स आणि मुक्त आज्ञावलींचा प्रसार करतो, आणि अशा ठिकाणी वरच्या वर्गातला विद्यार्थी खालच्या वर्गातल्याच्या लॅपटॉपवर लिनक्स बसवून देतो तेव्हा परवान्यातली ही अट कागदावरून उतरून प्रत्यक्ष व्यवहारात येते. परंतु महाविद्यालयाबाहेर, जत किंवा माण तालुक्यातल्या एखाद्या शाळेच्या संगणक खोलीत, हे ज्ञान पोहोचवायचे तर ते मराठीत लिहिलेले असावे लागते, आणि या लेखनामागील मुख्य प्रेरणा तीच आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली, आणि विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप व नवे प्रोसेसर जुन्या यंत्रांत नाहीत. अशा यंत्रांपुढे भंगारात जाणे किंवा लिनक्सवर चालणे हे दोनच मार्ग ठळकपणे दिसतात, आणि दुसऱ्या मार्गाचे दार बूट लोडर उघडतो.

बूट लोडर मिळवण्याची रीत आता सोपी आहे, पण सोपी आहे म्हणूनच बेफिकिरी वाढली आहे. एके काळी उबुंटूची सीडी टपालाने घरपोच आणि विनामूल्य येत असे; ती सोय २०११ साली बंद झाली, आणि आता लिनक्सच्या एखाद्या वितरणाची, म्हणजे कर्नल, बूट लोडर आणि उपयोगी आज्ञावली यांच्या तयार जुळणीची, प्रतिमा-फाइल उतरवून ती पेनड्राइव्हवर लिहिणे हीच रूढ पद्धत झाली आहे. डेबियन, उबुंटू, फेडोरा यांबरोबरच डेबियनच्या पायावर सी-डॅक या सरकारी संस्थेने तयार केलेले बॉस हे भारतीय वितरणही उपलब्ध आहे. ग्रब या वितरणांबरोबरच येतो, आणि सामान्य वापरणाऱ्याने तो तेथूनच घ्यावा. ग्नू प्रकल्पाच्या भांडारातून मूळ मजकूर उतरवून स्वतः बांधणे हे अभ्यासासाठी उत्तम असले तरी रोजच्या यंत्रासाठी आवश्यक नाही. एखाद्या ओळखीच्याने दिलेल्या पेनड्राइव्हवरची, कोठून आली हे ठाऊक नसलेली प्रतिमा मात्र कधीही वापरू नये, कारण बूट लोडर कार्यप्रणालीच्याही आधी चालतो आणि जो आधी चालतो त्याच्यावर नंतर येणाऱ्याला नजर ठेवणे अवघड असते.

म्हणून उतरवलेल्या फाइलीची पडताळणी हे या कामातले वगळता न येणारे अंग आहे. वितरण प्रसिद्ध करणारे फाइलीबरोबर ६४ चिन्हांची एक ओळ देतात, जिला एसएचए-२५६ म्हणतात. फाइलीतला एक बाइट जरी बदलला तरी ही ओळ पूर्णपणे वेगळी निघते, तेव्हा आपल्या संगणकावर तीच ओळ काढून दोन्ही ताडून पाहणे म्हणजे सोन्याचा कस लावण्यासारखे आहे. खेड्यातल्या अर्धवट तुटणाऱ्या इंटरनेटवर चार-पाच गिगाबाइटांची फाइल उतरवताना तर हा ताळा दुहेरी उपयोगी ठरतो, कारण दुष्ट हेतूने बदललेली फाइल आणि अपुरी उतरलेली फाइल या दोन्ही त्यात पकडल्या जातात.

बसवण्याच्या कामाची खरी सुरुवात यंत्र कोणत्या पिढीचे आहे हे ओळखण्यापासून होते. जुन्या यंत्रांत वर सांगितलेला बायोस असतो. नव्या यंत्रांत त्याच्या जागी युईएफआय ही अधिक समर्थ व्यवस्था आली असून ती पहिल्या कप्प्यातले ४४६ बाइट न पाहता डिस्कवरच्या एका खास पार्टिशनमधील, म्हणजे स्वतंत्र वाट्यामधील, ठरावीक फाइल चालवते. या पार्टिशनला ईएफआय सिस्टीम पार्टिशन म्हणतात. जुन्या तक्त्याला २ टेबीबाइटांपलीकडची डिस्क पूर्णपणे मोजता येत नाही, ही अडचणही जीपीटी या नव्या तक्त्याने दूर झाली आहे. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केल्यावर सिस फोल्डरातल्या फर्मवेअर फोल्डरात ईएफआय नावाचे फोल्डर दिसले तर यंत्र नव्या पद्धतीने उठले आहे असे समजावे. ही खात्री न करता पुढे जाणाऱ्यांच्या हातून सर्वाधिक चुका होतात, कारण पेनड्राइव्ह जुन्या पद्धतीने उठला आणि डिस्कवरचे विंडोज नव्या पद्धतीचे असले तर ग्रब बसल्यासारखा दिसतो खरा, पण दोन्ही कार्यप्रणाली एका यादीत कधीच येत नाहीत.

त्यानंतरची तयारी कंटाळवाणी वाटली तरी टाळू नये. महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. विंडोजने डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद केली असेल तर तिची ४८ अंकी किल्ली कागदावर लिहून ठेवावी. विंडोजमधली फास्ट स्टार्टअप ही सोय बंद करावी, कारण तिच्यामुळे यंत्र बंद झाल्यासारखे दिसले तरी डिस्क अर्धवट उघडी राहते. आणि डेस्कटॉप असेल तर यूपीएसवाचून काम सुरू करू नये, कारण लिहिणे अर्ध्यात असताना वीज गेली तर जुना बूट लोडरही जातो आणि नवाही येत नाही. बायोसच्या यंत्रावर ग्रब-इन्स्टॉल ही आज्ञा संपूर्ण डिस्कचे नाव देऊन चालवायची असते, पार्टिशनचे नाव देऊन नव्हे. डिस्कच्या नावापुढे चुकून एक आकडा राहिला तर आज्ञेचा अर्थच बदलतो, म्हणून एंटर दाबण्यापूर्वी ती ओळ मोठ्याने वाचावी. युईएफआयच्या यंत्रावर आधी ते खास पार्टिशन योग्य जागी जोडावे लागते. नंतर अपडेट-ग्रब ही आज्ञा डिस्क चाळून सापडलेल्या कर्नलांची यादी तयार करते. ही यादी हाताने बदलू नये. बदल करायचे ते ग्रबच्या सेटिंगच्या फाइलीत करून यादी पुन्हा तयार करून घ्यावी. २०२१ च्या २.०६ या आवृत्तीपासून शेजारची दुसरी कार्यप्रणाली शोधण्याचे काम ग्रब आपण होऊन करत नाही, त्यामुळे विंडोज पुसले गेले की काय या भीतीने अनेकांचा जीव वरखाली होतो. वास्तविक ते जागच्या जागी असते आणि ते शोधणाऱ्या ओएस-प्रोबर या आज्ञावलीवरची बंदी उठवणारी सेटिंगच्या फाइलीतली एक ओळ पुरेशी असते.

सांगलीच्या संदर्भात आणखी एक गोष्ट विस्ताराने सांगणे भाग आहे. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात नदी ५७ फुटांच्या वर गेली आणि पेठेतल्या दुकानांत, कचेऱ्यांत, घरांत दिवसेंदिवस पाणी राहिले, आणि जुलै २०२१ मध्ये पुराने शहराला पुन्हा घेरले. अशा वेळी संगणक वरच्या मजल्यावर नेता आला नाही तरी घाईत डिस्क तेवढी काढून नेता येते, किंवा कोरडी राहिलेली डिस्क मदरबोर्ड बिघडल्यावर दुसऱ्या यंत्रात बसवता येते. जुन्या बायोसच्या काळात अशी डिस्क बहुधा निमूट चालू होई, कारण बूट लोडर तिच्याच पहिल्या कप्प्यात असे. युईएफआयमध्ये मात्र कोणती फाइल चालवायची याची नोंद डिस्कवर नसून मदरबोर्डवरच्या छोट्या, वीज गेली तरी न पुसणाऱ्या स्मृतीत असते. यंत्र बदलले की नोंद हरवते, आणि डिस्कवरचा सारा मजकूर धडधाकट असूनही पडद्यावर बूट करण्याजोगी डिस्क नाही असा निरोप येतो. यावर उपाय युईएफआयच्या नियमांतच आहे. नोंद सापडली नाही तर यंत्र खास पार्टिशनमधल्या ईएफआय फोल्डरात बूट नावाचे फोल्डर आणि त्यात बूटएक्स६४ या नावाची फाइल शोधते. ग्रब-इन्स्टॉलला रिमूव्हेबल हा पर्याय जोडला की ग्रब याच ठरावीक जागी बसतो आणि डिस्क कोणत्याही समकालीन यंत्रात चालू होण्याच्या योग्यतेची होते. नदीकाठच्या कचेऱ्यांनी आणि पतसंस्थांनी हा पर्याय पूर येण्याच्या आधीच वापरून ठेवावा, हा या विषयातला सर्वांत व्यवहारी सल्ला होय. प्रत्यक्ष भिजलेली डिस्क मात्र वाळल्यासारखी दिसली तरी तिला वीज देऊ नये. ती जाणकाराकडेच न्यावी.

बूट लोडर बिघडण्याची नेहमीची कारणे मोजकीच आहेत. जुन्या पद्धतीच्या यंत्रावर विंडोज नव्याने बसवले की ते पहिला कप्पा स्वतःसाठी लिहून घेते; आणि विंडोजमध्ये बसून लिनक्सचे पार्टिशन रिकामे समजून काढून टाकले की काळ्या पडद्यावर ग्रब रेस्क्यू ही पांढरी अक्षरे आणि लुकलुकणारी खूण तेवढी उरते. ही अक्षरे पाहून घाबरलेला माणूस बहुधा संपूर्ण डिस्क पुसून घेण्यास तयार होतो, आणि तसे करून देणारेही पुष्कळ भेटतात. वास्तविक त्या दोन शब्दांचा अर्थ एवढाच असतो की ग्रबचा पहिला भाग जागा आहे, पण उरलेले भाग ज्या फोल्डरात होते ते त्याला सापडत नाही. पार्टिशन नाहीसे झाले नसून केवळ त्याचा क्रमांक बदलला असेल तर एलएस या आज्ञेने पार्टिशनांची यादी पाहावी, एकेक उघडून ग्रबचे फोल्डर शोधावे, सेट प्रीफिक्स या आज्ञेने त्याची जागा सांगावी, इन्समॉड नॉर्मल या आज्ञेने राहिलेला भाग स्मृतीत आणावा आणि नॉर्मल असे लिहावे. नेहमीची यादी पडद्यावर परत येते. फूट व्हॉल्व्हमध्ये काडी अडकून पाणी उतरले म्हणून कोणी विहीर बुजवत नाही, तो व्हॉल्व्ह साफ करतो आणि पंपात पुन्हा पाणी भरतो.

सिक्युअर बूट या व्यवस्थेविषयी मतभेद आहेत आणि ते मांडणे प्रामाणिकपणाचे ठरेल. विंडोज ८ बरोबर २०१२ पासून रूढ झालेल्या या व्यवस्थेत यंत्र ज्याच्यावर मान्यताप्राप्त किल्लीची डिजिटल सही आहे असाच बूट लोडर चालवते, आणि ती किल्ली बहुतेक यंत्रांत मायक्रोसॉफ्टची असते. लिनक्सकर्त्यांनी यावर शिम नावाचा छोटा दुवा तयार केला. मोटार आणि पंप एका रेषेत आणण्यासाठी फिटर मोटारीच्या पायाखाली जी पातळ पट्टी सरकवतो तिलाही शिमच म्हणतात, आणि कामही तसेच आहे, कारण मायक्रोसॉफ्टची सही शिमवर असते, शिम ग्रबची सही तपासतो आणि ग्रब कर्नलची. जुलै २०२० मध्ये ग्रबमध्ये बूटहोल नावाने ओळखला गेलेला दोष उघड झाला तेव्हा ही साखळी किती नाजूक आहे ते दिसले, कारण सेटिंगची फाइल वाचतानाच्या एका चुकीमुळे सही तशीच ठेवून परकी आज्ञावली घुसवता येत होती. आणि घाईने दिलेल्या दुरुस्तीनंतर काही लिनक्स यंत्रे उठेनाशी झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका दुरुस्तीने जुने शिम नाकारले आणि दोन कार्यप्रणाली असलेल्या काही यंत्रांत लिनक्स बंद पडले. तरीही ही व्यवस्था सरसकट बंद करावी असा सल्ला येथे दिलेला नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत, जेथे रोज कोणाचा ना कोणाचा पेनड्राइव्ह लागतो, तिचा उपयोग खरा आहे. बंद करायचीच तर काय गमावतो हे समजून करावी, आणि दुरुस्ती झाल्यावर पुन्हा चालू करावी.

परिभाषेच्या बाबतीत बूट लोडर, पार्टिशन, कर्नल, डिस्क हे शब्द जसेच्या तसे ठेवले आहेत, कारण दुरुस्ती करणारा मुलगा, शिक्षक आणि विद्यार्थी हेच शब्द बोलतात, आणि बिघाडाच्या वेळी फोनवर मदत मागताना कोशातला शब्द आठवत बसण्याइतकी सवड कोणाला नसते. संज्ञा समजून घेताना मात्र प्रत्येक शब्दामागची क्रिया मराठीतच विचारात घ्यावी, म्हणजे आज्ञा पाठ कराव्या लागत नाहीत.

अभ्यासाची सुरुवात कामाच्या यंत्रावर न करता एखाद्या जुन्या डिस्कवर किंवा आभासी यंत्रात, म्हणजे संगणकाच्या आत आज्ञावलीने उभ्या केलेल्या दुसऱ्या संगणकात, करावी. तेथे बूट लोडर मुद्दाम मोडावा आणि पुन्हा बसवावा, आणि हे तीनचार वेळा हातून झाल्यावरच खऱ्या डिस्ककडे वळावे. प्रत्येक यंत्राची पार्टिशने कोणती, ती कशी उठते, खास पार्टिशन कोठे आहे आणि बूट लोडर शेवटचा कधी बसवला, एवढे चार तपशील शाईने कागदावर लिहून तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावा आणि कपाटाच्या वरच्या खणात ठेवावा, कारण ज्या दिवशी त्याची गरज पडते त्या दिवशी तो संगणक उघडून पाहता येत नाही.